पिशवीवर नाव नसतं

रक्तपेढीत येणारे दाते आमच्या लेखी दोन प्रकारचे असतात. पहिला आपल्या माणसासाठी येतो. वडिलांची बायपास ठरलेली असते, वहिनीचं बाळंतपण अवघड गेलेलं असतं, भाच्याला डेंग्यू होऊन प्लेटलेट उतरलेल्या असतात. रुग्णालयातून निरोप येतो आणि घरातले, ऑफिसातले चार जण धावत येतात. याला आम्ही बदली रक्तदान म्हणतो. दुसरा आपणहून येतो. त्याचं कुणीही कुठे दाखल नसतं. तो फॉर्म भरतो, झोपतो, साडेतीनशे मिलिलिटर रक्त देतो, चहा-बिस्किट घेतो आणि कामाला जातो. त्याच्या पिशवीवर क्रमांक, रक्तगट आणि तारीख एवढंच लिहिलेलं असतं. ते रक्त कुणाला गेलं हे त्याला कधी कळत नाही आणि ज्याला चढलं त्यालाही दात्याचं नाव कळत नाही.

रक्तसंक्रमणशास्त्र हा माझा विषय. रक्तगट तपासणं, क्रॉसमॅच करणं, साठा सांभाळणं हे माझं काम. पण या दुसऱ्या माणसाबद्दलचं माझं कुतूहल इतक्या वर्षांत कमी झालेलं नाही. ज्याचा चेहरा कधी दिसणार नाही अशा माणसासाठी कुणी दर तीन महिन्यांनी दंड पुढे का करतं?

‘मन हळवं असतं म्हणून’ हे उत्तर बहुतेक जण देतात. मला ते पटत नाही. हळवेपणा मी सर्वांत जास्त पाहते तो पहिल्या प्रकारच्या दात्यांमध्ये. अतिदक्षता विभागाबाहेर रात्र काढलेली माणसं डोळ्यांत पाणी आणून सांगतात, ‘मॅडम, आता दर तीन महिन्यांनी येणार बघा.’ त्या क्षणी ते शब्द अगदी खरे असतात. पण रुग्ण घरी जातो, तो चेहरा नजरेआड होतो आणि येणं राहून जातं. यात त्यांना दोष द्यावा असं काही नाही. कळवळा चेहरा पाहून येतो आणि चेहऱ्याबरोबर जातो. उलट वर्षानुवर्षं येणारे माझे दाते फार भावुक वगैरे नसतात. ते पार्किंगबद्दल तक्रार करतात, कालच्या मॅचबद्दल बोलतात आणि ‘कुणासाठी?’ हा प्रश्न विचारतच नाहीत.

चांगुलपणाबद्दल नुसता विचार केल्यानेही माणूस चांगला वागतो असं नाही. अमेरिकेत प्रिन्स्टन इथे जॉन डार्ली आणि डॅनिएल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी धर्मगुरू होण्याचं शिक्षण घेणाऱ्या तरुणांवर एक प्रयोग केला. तो १९७३ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या काहींना बायबलमधल्या चांगल्या शोमरोन्याच्या गोष्टीवर बोलायचं होतं, म्हणजे वाटेत जखमी पडलेल्या परक्या माणसाला मदत करणाऱ्याच्या गोष्टीवर. भाषणाच्या जागी जाताना वाटेत एक माणूस कण्हत, खोकत पडलेला असे. ज्यांना घाई नव्हती त्यांतले ६३ टक्के थांबले. ज्यांना ‘उशीर झालाय, पळा’ असं सांगितलं होतं त्यांतले फक्त १० टक्के थांबले. भाषणाचा विषय तीच गोष्ट असल्याने फारसा फरक पडला नाही. घाईने मात्र पडला. मला यात आशा दिसते. परक्याशी चांगलं वागणं ही जन्मजात थोरवी असती, तर आमच्यासारख्यांच्या हातात काहीच उरलं नसतं.

परक्याशी चांगलं वागणं परिस्थितीने कसं घडतं, याचं आमच्या क्षेत्रातलं सर्वांत बोलकं उदाहरण लंडनचं आहे. १९२१ साली कॅम्बरवेल भागातल्या रेडक्रॉसचे सचिव पर्सी लेन ऑलिव्हर यांना किंग्ज कॉलेज हॉस्पिटलमधून फोन आला: एका रुग्णासाठी तातडीने रक्त हवंय, कुणी मिळेल का? ऑलिव्हर काही सहकाऱ्यांना घेऊन गेले. त्यांतल्या लिनस्टेड नावाच्या परिचारिकेचं रक्त जुळलं. एवढ्यावर ही गोष्ट संपली असती. पण ऑलिव्हर यांच्या मनात आलं, की असे फोन पुन्हा येणार. त्यांनी तयार असलेल्या माणसांची यादी केली, प्रत्येकाचा रक्तगट आधीच तपासून ठेवला आणि घरातूनच काम सुरू केलं. रुग्णालयाचा फोन आला की यादीतल्या कुणाला तरी निरोप जाई आणि तो माणूस हातातलं काम टाकून निघे. पैसे नाहीत, ओळख नाही. जगातली ही पहिली स्वेच्छा रक्तदात्यांची सेवा.

ऑलिव्हर यांच्या भागातले लोक आजूबाजूच्या लंडनकरांपेक्षा मनाने मोठे होते असं मला वाटत नाही. त्यांना कुणीतरी विचारलं, त्यांनी एकदा ‘हो’ म्हटलं आणि तो ‘हो’ पुढच्या फोनसाठी तयार राहिला. दर वेळी नव्याने कुणाची दया यावी लागली नाही. दुसऱ्या महायुद्धात ज्यूंना लपवणाऱ्या युरोपातल्या शेकडो माणसांचा अभ्यास सॅम्युअल आणि पर्ल ऑलिनर या दांपत्याने केला. त्यांचं पुस्तक १९८८ साली आलं. सॅम्युअल स्वतः पोलंडमध्ये लहानपणी अशाच एका घराने वाचवलेले. त्या अभ्यासातही हेच दिसतं, की अनेकांनी पहिलं पाऊल कुणीतरी दारात येऊन विचारलं म्हणून टाकलं. आणि त्यांच्या घरांत, लहानपणी, आईवडील मारण्यापेक्षा समजावून सांगत: तू असं वागलास तर समोरच्याला काय वाटेल.

मुंबईत समाजसेविका लीला मूळगावकर यांनी १९५०च्या दशकात हेच विचारण्याचं काम हाती घेतलं. तो काळ रक्त विकत घेण्याचा होता. धंदेवाईक दाते रुग्णालयांच्या आसपास असत. पैशाची नड असलेली, कधी व्यसनात बुडालेली, पुन्हा पुन्हा रक्त विकून पांढरी पडलेली माणसं. ‘कॉमन कॉज’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली निकाल दिला आणि १ जानेवारी १९९८ पासून देशात रक्ताची खरेदी-विक्री बंद झाली.

आता ज्या गोष्टीबद्दल मला सर्वांत जास्त बोलायचं आहे, ती. रक्त देण्याआधी आम्ही प्रश्न विचारतो: कावीळ झाली होती का? गेल्या वर्षात टॅटू काढलाय? कोणती औषधं चालू आहेत? नवीन शरीरसंबंध? सुईतून काही घेतलंय? प्रत्येक पिशवीची एचआयव्ही, ‘बी’ आणि ‘सी’ प्रकारची कावीळ, सिफिलिस आणि मलेरियासाठी तपासणी होते. तरीही संसर्ग झाल्यानंतरचे काही दिवस असे असतात, की रक्तात विषाणू आहे आणि चाचणीत दिसत नाही. त्या दिवसांपुरतं रुग्णाचं रक्षण करणारी एकच गोष्ट असते, दात्याचं खरं उत्तर.

विकणारा खरं सांगत नाही, कारण खरं सांगितलं तर पैसे बुडतात. रिचर्ड टिटमस या ब्रिटिश अभ्यासकाने १९७० साली ‘द गिफ्ट रिलेशनशिप’ या पुस्तकात रक्त विकत घेण्याची अमेरिकेतली पद्धत आणि ब्रिटनमधली विनामोबदला पद्धत शेजारी शेजारी ठेवून हाच मुद्दा मांडला. पण माझ्या अनुभवात खोटं बोलायला पैसाच लागतो असं नाही. बदली दाताही खोटं बोलतो, आणि तो प्रेमापोटी बोलतो. वडिलांचं ऑपरेशन अडू नये म्हणून मुलगा जुनी कावीळ लपवतो. त्याला वाटतं, मी बाबांसाठी करतोय. पण त्याची पिशवी सहसा बाबांना जातच नाही. ती साठ्यात जाते आणि तिथून कुठल्या तरी तिसऱ्याच वॉर्डातल्या बाईला चढते. त्याच्या मनात ती बाई नसतेच. आपल्या माणसावरचं प्रेम आणि परक्याबद्दलचा चांगुलपणा एकमेकांच्या विरुद्ध कसे जाऊ शकतात हे मी त्या टेबलापाशी शिकले.

याच्या उलट एक तरुण आठवतो. कंपनीतलं शिबिर होतं, सगळे मित्र रांगेत, साहेब स्वतः पहिले झोपलेले, फोटो चाललेले. त्यानेही रक्त दिलं. संध्याकाळी रक्तपेढीत फोन आला: ‘मॅडम, माझी पिशवी वापरू नका.’ आम्ही कारण विचारलं नाही, विचारायचं नसतंच. पिशवी बाजूला काढली, नष्ट केली. मित्रांच्या देखत तो रांगेतून बाहेर पडू शकला नव्हता, पण घरी गेल्यावर त्याने त्या न पाहिलेल्या रुग्णाचा विचार केला आणि अवघड वाटत असतानाही फोन उचलला. त्या दिवशी जमलेल्या सगळ्या पिशव्यांइतकंच मोल मी त्या फोनला देते. त्याचा कुठे फोटो नाही, प्रमाणपत्र नाही.

प्रमाणपत्रांवरून आठवलं. कुणाच्या वाढदिवसाला किंवा जयंतीला एकाच दिवशी शेकड्याने पिशव्या गोळा होतात, सोबत बॅग किंवा डबा भेट मिळतो. नेहमीच्या पद्धतीने साठवलेलं रक्त ३५ दिवस टिकतं, थोडी वेगळी प्रक्रिया केली तर लाल पेशी ४२ दिवस. प्लेटलेट तर जेमतेम ५. एका दिवशी पूर आणला की काही रक्त मुदत संपून टाकावं लागतं आणि मे महिन्यात, कॉलेजं बंद असताना, थॅलसेमियाची मुलं वाट पाहत बसतात. त्या मुलांना दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागतं, जन्मभर. ज्याला खरोखर परक्याची काळजी आहे तो ‘केव्हा हवंय?’ असं विचारतो आणि त्या तारखेला येतो. माझ्या मते भेटवस्तू बंद व्हाव्यात आणि तो खर्च दात्यांना वेळेवर फोन करणाऱ्या माणसांवर व्हावा.

असे हाकेला धावून येणारे दाते एका दुर्मीळ गटात भेटतात, आणि त्या गटामुळे मुंबईचं नाव रक्तशास्त्रात कायमचं कोरलेलं आहे. १९५२ साली डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘लॅन्सेट’मध्ये एका नव्या रक्तगटाची माहिती दिली, जग त्याला ‘बॉम्बे’ रक्तगट म्हणतं. या माणसांच्या लाल पेशींवर एच हा मूळ घटकच नसतो. वरवरच्या तपासणीत ते ‘ओ’ गटाचे वाटतात, पण ‘ओ’ रक्त चढवलं तर जिवावर बेततं. त्यांना फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं. आपल्याकडे साधारण दहा हजारांत एक जण असा सापडतो. त्यांना रात्री-अपरात्री परराज्यातून फोन येतात, त्यांच्या पिशव्या विमानाने जातात, कधी ते स्वतः गाडीत बसून दुसऱ्या शहरात पोचतात. ते इतके सहज का निघतात? आपण गेलो नाही तर कदाचित कुणीच जाणार नाही हे त्यांना माहीत असतं.

गर्दीत नेमकं हेच पुसलं जातं. बिब लाताने आणि डार्ली या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ साली दाखवलं, की शेजारच्या खोलीत कुणाला झटका आल्याचं ऐकणारा माणूस स्वतःला एकटा समजत असेल तर ८५ टक्के वेळा झटका चालू असतानाच मदतीला उठतो. आणखी चार जण ऐकत आहेत असं वाटलं तर ३१ टक्के वेळा. ‘ओ पॉझिटिव्ह’ माणसाचं तसंच होतं. एवढे आहेत, कुणीतरी देईल. माझे नेमाने येणारे दाते बहुतेक याच सर्वसाधारण गटांचे आहेत, आणि ते आपला गट बॉम्बे असल्यासारखे वागतात. त्यांच्यातलं वेगळेपण मला विचाराल तर ते एवढंच आहे, आणि ते फार मोठं आहे.

अशा नेमाने येणाऱ्यांतलं एक नाव म्हणजे ऑस्ट्रेलियाचे जेम्स हॅरिसन. त्यांना किशोरवयात छातीच्या मोठ्या शस्त्रक्रियेत अनोळखी लोकांचं रक्त मिळालं होतं. अठरा पूर्ण झाल्यावर, १९५४ साली, त्यांनी द्यायला सुरुवात केली. पुढे त्यांच्या प्लाझ्मात अँटी-डी हे दुर्मीळ प्रतिपिंड सापडलं. आरएच निगेटिव्ह आयांच्या बाळांना वाचवणारं औषध त्यापासून बनतं. ८१व्या वर्षी वयाच्या मर्यादेमुळे थांबवलं जाईपर्यंत त्यांनी १,१७३ वेळा दान केलं. त्यांना सुईची भीती होती. टोचताना ते दुसरीकडे बघत. २०२५च्या फेब्रुवारीत ते गेले.

दिवाळीच्या सुट्टीत कंपन्या, कॉलेजं बंद असतात, शिबिरं होत नाहीत आणि डेंग्यू पुरता ओसरलेला नसतो. म्हणून मीही विचारते. तुमचं वय १८ ते ६५ असेल, वजन ४५ किलोच्या खाली नसेल, हिमोग्लोबिन साडेबारा किंवा त्याहून जास्त असेल आणि मागच्या रक्तदानाला पुरुषांचे ९० किंवा बायकांचे १२० दिवस उलटले असतील, तर जवळच्या रक्तपेढीला फोन करा. कोणत्या दिवशी कमतरता आहे ते विचारा आणि त्या दिवशी या. उपाशीपोटी येऊ नका, फराळ करून या. आणि आम्ही जे विचारू त्याची खरी उत्तरं द्या.