अर्धी उघडी फायरवॉल

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना एक खोड असते. कुठलीही गोष्ट समजून घ्यायची म्हणजे आधी ती आपल्या भाषेत आणायची. त्यामुळे माझ्या डोक्यात किडनी ट्रान्सप्लांट म्हणजे चालू सिस्टीमला बाहेरचं हार्डवेअर जोडणं. नवी किडनी ओटीपोटात एका बाजूला बसवतात आणि जुन्या दोन बहुतेक वेळा जागच्या जागी तशाच ठेवतात (हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी चाटच पडलो होतो!). पण शरीराची सुरक्षा यंत्रणा या पाहुणीला घुसखोरच समजते. मग त्या यंत्रणेला दाबून ठेवायला टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट, प्रेडनिसोलोन. रोज, ठरल्या वेळी, ती किडनी चालते आहे तोवर. थोडक्यात काय, तर फायरवॉल मुद्दाम अर्धी उघडी ठेवून जगायचं.

माझ्या दादाला २०१५ साली आईने किडनी दिली. तेव्हापासून आई त्याला फोनवर "तू कसा आहेस?" असं विचारतच नाही. "माझी कशी आहे?" असं विचारते. :-)

आणि मग आला कोरोना. एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधल्या डॉक्टरांनी पहिले आकडे छापले. किडनी बदललेले ३६ रुग्ण, त्यातले १० जण तीनएक आठवड्यांत गेले. पुढे भारतातल्या १३ केंद्रांचा अभ्यास आला, २५० रुग्णांचा. त्यात मृत्यूचं प्रमाण ११.६ टक्के होतं. आकडा बराच खाली आला खरा, पण ज्याच्या घरात असा माणूस आहे त्याने ते शंभरात अकरा-बारा कसे वाचायचे हो?

एप्रिल २०२१ मध्ये दादा पॉझिटिव्ह आला. पुण्यात बेड मिळवणं म्हणजे काय होतं ते तुम्हाला सांगायला नकोच. लस? १ मार्चपासून ट्रान्सप्लांटवाल्यांना ती मिळत होती, पण पंचेचाळिशीच्या पुढच्यांना. दादा चाळिशीचा. अठराच्या पुढच्या सगळ्यांसाठी १ मे उजाडायचा होता.

खरा पेच पुढेच होता. विषाणूशी लढायला प्रतिकारशक्ती हवी, म्हणून गोळ्या कमी करायच्या. पण गोळ्या कमी केल्या की तीच प्रतिकारशक्ती किडनीवर धावून जाणार. डॉक्टरांनी मायकोफिनोलेट बंद केलं, टॅक्रोलिमस जपून कमी केलं आणि स्टिरॉइड चालू ठेवलं. तिसऱ्या दिवशी ऑक्सिजन ९१ वर आला, क्रिएटिनिन १.३ वरून २.१ वर गेलं. वहिनी हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर रिक्षात बसून असायची, आत सोडत नव्हते. मी आईला सगळं उलगडून सांगितलं, टक्केवारी सोडून. ती जरा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "किडनी गेली तर जाऊ दे. डायलिसिस करू. पोरगा घरी आला पाहिजे." ज्या गोष्टीची सहा वर्षं रोज चौकशी केली, ती तिने एका वाक्यात सोडून दिली.

दादा सतराव्या दिवशी घरी आला. किडनीही टिकली. क्रिएटिनिन आता १.६ च्या आसपास असतं.

लस घेतली की प्रश्न मिटला, असं या मंडळींचं होत नाही. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या गटाने २०२१ मध्ये अवयव बदललेल्या लोकांचं रक्त तपासलं. पहिल्या डोसनंतर ४३६ पैकी जेमतेम १७ टक्के लोकांत अँटिबॉडी सापडल्या. दुसऱ्या डोसनंतर ६५८ जणांत ५४ टक्के. म्हणून तिकडे ऑगस्ट २०२१ मध्येच अशा लोकांना तिसरा डोस मंजूर झाला. आपल्याकडे अठराच्या पुढच्या सगळ्यांना तो एप्रिल २०२२ पासून, खाजगी केंद्रांवर पैसे भरून. दादाने पहिल्याच आठवड्यात घेतला. घरातल्या बाकी सगळ्यांनीही घेतला, कारण त्याच्या फायरवॉलची उरलेली अर्धी बाजू आम्हीच.

आणखी एक गंमत (म्हणजे गंमत कसली!). कोविडवरच्या पॅक्सलोविड या गोळीत रिटोनाविर असतं. टॅक्रोलिमसचा निचरा करणारं यकृतातलं एन्झाइम ते अडवतं. मग टॅक्रोलिमसची पातळी भलतीच चढते आणि ज्या किडनीला वाचवायचं तिलाच इजा होते. आमच्या धंद्यात याला डिपेंडन्सी कॉन्फ्लिक्ट म्हणतात. फरक इतकाच, की आम्ही आधीच्या व्हर्जनवर परत जाऊ शकतो. म्हणून अशा माणसाने ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय साधं अँटिबायोटिकसुद्धा दुकानातून परस्पर आणू नये.

असो. ५ मे २०२३ ला जागतिक आरोग्य संघटनेने कोरोनाची आणीबाणी संपल्याचं जाहीर केलं. विषाणू काही गेला नाही, आणि दादाच्या गोळ्याही नाहीत. तेव्हा मंडळी, लिफ्टमध्ये कोणी मास्क लावून उभा दिसला तर "अजून?" असं विचारू नका. आणि सर्दी-ताप अंगावर असताना कोणाकडे जेवायला जाणार असाल तर आधी एक फोन करा. आमच्याकडे यायचं असेल तर नक्कीच करा. श्रीखंड फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं.