हमरस्ता सोडून

बेळगावहून कोल्हापूरमार्गे पुण्याला जावयाचे, आणि मोटारीत ऐंशी वर्षांच्या आई व दोन लहान मुले. तेव्हा या खेपेस हमरस्ता टाळावयाचा असे आम्ही ठरविले. काकती, संकेश्वर, निपाणी हा राजमार्ग सोयीचा खरा, परंतु मालमोटारींच्या रांगांतून तवंदीचा घाट उतरताना आईंचा जीव मुठीत असतो.

म्हणून उचगाव, कोवाड, नेसरी, गडहिंग्लज, उत्तूर, मुदाळ तिट्टा असा आडमार्ग आखला आहे. उचगाव कर्नाटकात, कोवाड महाराष्ट्रात. पाट्यांवरची लिपी पालटली की सीमा ओलांडल्याचे कळावे, एरवी शेते तीच आणि बोलीही तीच. ताम्रपर्णीकाठचे कोवाड हे ‘स्वामी’कार रणजित देसाई यांचे गाव. नेसरीच्या खिंडीत १६७४ साली प्रतापराव गुजर सहा स्वारांनिशी धारातीर्थी पडले. शिदोरी तेथेच सोडावयाची, असा मुलांचा हट्ट आहे.

मात्र वाचकहो, दिवाळीनंतर ऊसतोडीच्या दिवसांत हाही रस्ता निर्वेध समजू नये. अंधारात उसाच्या ट्रॉलीमागे दिवा असेलच असे नाही. यास्तव पहाटे निघून उन्हे असतानाच कोल्हापूर गाठावयाचे. तास-दीड तास अधिक लागला तर लागो.

आईंनी सारा बेत ऐकून घेतला व चहा कोठे मिळेल, एवढेच विचारले. गडहिंग्लजला, असे आम्ही सांगितले आहे.