डेव्हलपरच्या बाटलीचा इतिहास

६ ऑगस्ट १९३०. उत्तर ध्रुवसागरातील क्विटोया नावाच्या निर्जन, हिमाच्छादित बेटावर ‘ब्राटवाग’ या नॉर्वेजियन जहाजावरील काही माणसे उतरली आणि तेथे त्यांना बर्फात अर्धवट गाडलेली एक छावणी सापडली. ११ जुलै १८९७ रोजी सालोमन आंद्रे, निल्स स्ट्रिंडबेर्ग आणि क्नुट फ्रेंकेल हे तीन स्वीडिश प्रवासी हायड्रोजनच्या बलूनमधून उत्तर ध्रुवाकडे निघाले होते. त्यानंतर ते कोणाच्या दृष्टीस पडले नव्हते. छावणीत त्यांचे अवशेष होते, दैनंदिन्या होत्या आणि स्ट्रिंडबेर्ग यांनी वापरलेली, पण कधीच न धुतलेली फिल्म होती.

३३ वर्षे बर्फात राहिलेली ती फिल्म स्टॉकहोममध्ये जॉन हर्ट्झबेर्ग यांच्या हाती सोपवण्यात आली. संभाव्य २४० छायाचित्रांपैकी ९३ त्यांनी वाचवली. त्यांतील एका छायाचित्रात बर्फावर आडवे पडलेले बलून आहे आणि त्याच्याकडे पाहत उभी असलेली दोन माणसे. दैनंदिनी वाचायला डोळे आणि स्वीडिश भाषा एवढे पुरेसे होते. ही छायाचित्रे वाचायला मात्र रसायन लागले.

इतिहासाच्या साधनांत न धुतलेला रोल हे एक चमत्कारिक साधन आहे. ताम्रपट झिजतो, मोडी कागदाला वाळवी लागते, पण त्यांवर काही लिहिलेले आहे हे निदान दिसते तरी. प्रकाश पडून गेलेल्या फिल्मवर काहीच दिसत नाही. सिल्व्हर ब्रोमाइडच्या ज्या स्फटिकावर प्रकाश पडला, त्यात धातुरूप चांदीचे अवघे काही अणू तयार झालेले असतात. ही सुप्त प्रतिमा. डेव्हलपर त्या मोजक्या अणूंचा धागा पकडून संपूर्ण स्फटिकाची काळी चांदी करतो आणि प्रकाशाची खूण कोट्यवधी पटींनी वाढवतो. उरलेले, प्रकाश न लागलेले स्फटिक मग हायपोमध्ये विरघळून निघून जातात. मराठी घरांत या सगळ्याला ‘रोल धुणे’ असा सुटसुटीत शब्द होता. चित्र नुसत्या पाण्याने उमटत नसले तरी शब्द चांगला आहे.

आता प्रश्न असा की हे डेव्हलपर आणि हायपो उद्या मिळाले नाहीत तर? घरी अंधारखोली थाटणाऱ्या हौशी मंडळींना हा प्रश्न गेली वीस वर्षे छळतो आहे. त्याचे उत्तर दुकानांच्या याद्यांत शोधले जाते. ते इतिहासात अधिक नीट सापडते.

हायपो म्हणजे सोडियम थायोसल्फेट. चांदीचे क्षार त्यात विरघळतात हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्येच नोंदवले होते, म्हणजे छायाचित्रणाचा जाहीर जन्म होण्याच्या वीस वर्षे आधी. १८३९ मध्ये टॅल्बट यांना प्रतिमा स्थिर करण्याची अडचण होती आणि हर्शेल यांच्याजवळ उत्तर तयार होते. छायाचित्रणासाठी म्हणून ते कोणी शोधलेलेच नव्हते. ही गोष्ट लक्षात ठेवावी, कारण या बाटल्यांचा पुढचा बहुतेक इतिहास असाच, दुसऱ्या कशाच्या तरी सावलीत घडला आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस जर्मनी कृत्रिम रंगांची राजधानी होती. डांबरापासून निघणाऱ्या द्रव्यांतून तेथील कारखाने जगाचे कापड रंगवत होते. याच उद्योगाच्या कुशीत १८९१ मध्ये दोन डेव्हलपर जन्मले. बर्लिनच्या आग्फा कंपनीत मोमे आंद्रेसेन यांनी पॅरा-अमिनोफिनॉलपासून ‘रोडिनल’ बनवले आणि हाउफ यांच्या कारखान्यातून ‘मेटॉल’ बाहेर आले. रोडिनल आजही विकत मिळते. त्याला जन्म देणारी कंपनी मात्र त्या रूपात उरलेली नाही.

दादासाहेब फाळके १९१२ मध्ये लंडनहून विल्यम्सन कॅमेरा, फिल्मला छिद्रे पाडायचे यंत्र आणि प्रती छापण्याचे साहित्य घेऊन परतले, तेव्हा दादरच्या त्यांच्या घरात जी व्यवस्था उभी राहिली तिला आजच्या भाषेत घरगुती डार्करूमच म्हणावे लागेल. कच्च्या फिल्मला छिद्रेही घरीच पाडायची होती आणि तीही अंधारात. ते काम सरस्वतीबाई फाळके यांनी केले. रसायने कालवणे आणि फिल्म धुणे त्यांनीच शिकून घेतले. दिवसा चित्रीकरणाच्या वेळी उन्हात पांढऱ्या चादरी धरून उभे राहणे, स्वयंपाक आणि मुलेबाळे हे वेगळेच. ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. भारतीय चित्रपटाच्या इतिहासात कॅमेऱ्याला मखरात बसवले गेले. रसायनाच्या घमेल्याला आणि त्यात हात बुडवणाऱ्या बाईंना तसे स्थान मिळायला फार उशीर झाला.

पुढच्याच वर्षी महायुद्ध पेटले. जर्मन रसायनांची वाट बंद झाली आणि ब्रिटन-अमेरिकेत मेटॉलची टंचाई होऊन त्याचे भाव भडकले. ‘आता छायाचित्रणाचे कसे होणार’ हा प्रश्न एकविसाव्या शतकाने शोधून काढलेला नाही. १९१४ ते १९१८ या काळात तो आजच्यापेक्षा कितीतरी उग्र होता. त्याचा परिणामही मोठा झाला. कोडॅकने १९१८ मध्ये स्वतःचा सेंद्रिय रसायनांचा विभाग उघडला आणि १९२० मध्ये टेनेसी राज्यातील किंग्सपोर्ट येथे रसायनांचा कारखाना घेतला. किंग्सपोर्टचा हा व्यवसाय १९९४ मध्ये ईस्टमन केमिकल या नावाने वेगळा झाला आणि आजही भरभराटीत आहे. मूळ कंपनीने मात्र जानेवारी २०१२ मध्ये दिवाळखोरीसाठी अर्ज केला. फिल्मला आधार म्हणून घेतलेला कारखाना फिल्मपेक्षा दीर्घायुषी ठरला.

या सर्व काळात एक सूत्र सर्वांत टिकाऊ निघाले. जॉन कॅपस्टाफ यांनी कोडॅकमध्ये चित्रपटाच्या निगेटिव्हसाठी तयार केलेले, १९२७ च्या सुमाराचे ‘डी-७६’. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम, टाकणखार २ ग्रॅम आणि एकूण १ लिटर होईल इतके पाणी. बस्स. कोडॅकने हे सूत्र लपवून ठेवले नाही. इल्फर्डचे ‘आयडी-११’ जवळजवळ हेच आहे. द्रव्ये घालण्याच्या क्रमातही शहाणपण आहे: मेटॉल आधी विरघळवायचे, कारण सल्फाइट भरपूर असलेल्या पाण्यात ते नीट विरघळत नाही. धुण्याचे प्रमाणभूत तापमान २० अंश सेल्सिअस. नागपूर-जळगावकडच्या मे महिन्यात ते राखायचे तर डेव्हलपरचे भांडे बर्फाच्या पाण्यात ठेवूनच बसावे लागे.

यादी पुन्हा वाचून पाहावी. टाकणखार काष्ठौषधींच्या दुकानात मिळतो. सोडियम सल्फाइट बॉयलरच्या पाण्यातील ऑक्सिजन काढण्यासाठी आणि कागदाच्या उद्योगात लागते. हायड्रोक्विनोन प्लास्टिक व रबराच्या उद्योगांना हवे असते आणि त्वचेवरील काळे डाग घालवणाऱ्या औषधी मलमांतही असते. फिल्म धुणारा एकही माणूस उरला नाही तरी हे कारखाने चालू राहतील. हायपोचेही तेच. शोभेचे मासे पाळणारे नळाच्या पाण्यातील क्लोरीन मारण्यासाठी ते आजही घेतात. दुबळा दुवा एकच आहे, मेटॉल, कारण छायाचित्रणाबाहेर त्याला फारशी मागणी नाही. पण त्याच्या जागी फेनिडोन चालते, ते १९४० मध्ये इल्फर्डमध्ये केंडल यांना सापडले होते आणि ते मेटॉलच्या मानाने अगदी थोडे लागते.

रोडिनलची कथा तर याहून गमतीची. त्यातील पॅरा-अमिनोफिनॉल हे पॅरासिटामॉल बनवण्याच्या वाटेवरचे द्रव्य आहे. म्हणून काही खटपटी लोक उलट्या दिशेने जातात. तापाच्या गोळ्या, कॉस्टिक सोडा आणि सल्फाइट यांपासून ते घरीच रोडिनलचा एक भाऊबंद तयार करतात. (कॉस्टिक सोडा डोळे घालवू शकतो. हा खेळ नव्हे.) भारत पॅरासिटामॉलच्या मोठ्या उत्पादकांपैकी एक आहे, तेव्हा १८९१ च्या त्या डेव्हलपरचा आधार आता रंगांच्या कारखान्यातून औषधांच्या कारखान्यात सरकला आहे असे म्हणायला हरकत नाही. याहून पुढची पायरी १९९५ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत गाठली गेली: स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी इन्स्टंट कॉफी आणि धुण्याचा सोडा यांत फिल्म धुऊन दाखवली. पुढे त्यात क जीवनसत्त्वाची भर पडली. वास भयंकर येतो, चित्र उमटते.

मग टंचाईच्या बातम्या खोट्या होत्या का? मुळीच नाही. घरगुती अंधारखोली ही या उद्योगाची मुख्य गिऱ्हाईक कधीच नव्हती. इस्पितळांचे एक्स-रे विभाग, चित्रपटांच्या प्रयोगशाळा, वृत्तपत्रे आणि गावोगावचे स्टुडिओ यांच्यासाठी मोठे पातेले चढत असे आणि हौशी माणसाला त्यातली वाटीभर मिळे. एक्स-रे संगणकावर गेला, चित्रपटगृहांतून रिळे गेली, आणि पातेलेच उतरले. प्रचंड घाणे काढण्यासाठी बांधलेले कारखाने थोड्या मालासाठी परवडेनासे झाले. २००४ मध्ये इल्फर्ड अडचणीत आली व तिच्या व्यवस्थापकांनीच तिचा कृष्णधवल विभाग वाचवला. २००५ मध्ये आग्फाफोटो कोसळली. १८४७ मध्ये बर्लिनमध्ये सुरू झालेल्या टेटेनाल या जर्मन कारखान्यात इतर मोठ्या नावांची रसायनेही बनत. त्याने २०१८ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा एकाच वेळी अनेक रंगांची पाकिटे जगभर दिसेनाशी झाली. कामगारांनी २०१९ मध्ये तो पुन्हा उभा केला. कोडॅकच्या नावाची रसायने तर २०२० नंतर एका चिनी कंपनीकडे आणि २०२३ मध्ये मिशिगनमधील एका छोट्या उत्पादकाकडे गेली. डी-७६ चे सूत्र या सगळ्या हस्तांतरांत जेथे होते तेथेच राहिले.

भारतातही असेच घडले. उटीजवळ १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान फोटो फिल्म्स या सरकारी कंपनीचा ‘इंदू’ रोल एका पिढीच्या घरगुती छायाचित्रांचा आधार होता. ती कंपनी १९९० च्या दशकात आजारी ठरली आणि पुढे बंद पडली. तिचा रोल आता मिळत नाही. मात्र त्यावर काढलेले आणि धुवायचे राहून गेलेले छायाचित्र आजही धुता येते.

याच्या अगदी उलट नशीब कोडाक्रोमचे. १९३५ मध्ये आलेल्या या रंगीत फिल्ममध्ये रंग नव्हतेच. ते धुताना, एकामागून एक रंगद्रव्ये चढवत घडवावे लागत. पद्धत गुप्त नव्हती, तिची एकस्वे प्रसिद्ध होती. पण तिला लागणारी खास द्रव्ये जगात दुसऱ्या कोणालाच नको होती. कोडॅकने २००९ मध्ये ही फिल्म बंद केली. तयार झालेला शेवटचा रोल स्टीव्ह मॅकरी यांना मिळाला आणि त्यातील काही छायाचित्रे त्यांनी भारतात, मुंबईत व राजस्थानात, काढली. जुलै २०१० मध्ये तो कॅन्ससमधील पार्सन्स या छोट्या गावी धुतला गेला. ३० डिसेंबर २०१० नंतर तेथील ड्वेन्स फोटो या जगातील शेवटच्या प्रयोगशाळेनेही कोडाक्रोम घेणे थांबवले. त्या दिवसानंतर हाती लागलेला प्रत्येक न धुतलेला कोडाक्रोम रोल फार तर कृष्णधवल होऊन बाहेर येऊ शकतो. त्याचे रंग कोणत्याही किमतीला मिळत नाहीत.

लग्नमुंजींचे नेहमीचे रंगीत रोल या दोहोंच्या मध्ये उभे आहेत. १९७२ पासूनची सी-४१ ही त्यांची पद्धत आहे आणि तिचे रंगीत डेव्हलपर बनवणारे जगात थोडेच आहेत. जोवर शहरांत रोल धुणारी यंत्रे चालतात, तोवर घरी धुणाऱ्यालाही ते मिळेल. ती थांबली तर कृष्णधवल डेव्हलपरवर भागवावे लागेल. चित्र येईल, शालूचा रंग येणार नाही.

म्हणून एखाद्या जुन्या कपाटात कॅमेरा सापडला तर मागचे झाकण उघडून पाहू नये, आत रोल असू शकतो. रोल निघालाच तर त्याच्या डबीवरचे नाव आणि पद्धत आधी वाचावी. रंगीत असेल तर तो प्रथम धुवावा, कारण त्याची सुप्त प्रतिमाही लवकर फिकटते आणि त्याचे रसायनही आधी दुर्मीळ होणार आहे. कृष्णधवल असेल तर घाई कमी आहे. धुवायला मिळेपर्यंत तो हवाबंद डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवावा आणि वर चिठ्ठी लावावी: कोणाच्या घरातला, कोणत्या कॅमेऱ्यातला, अंदाजे कोणत्या सालचा.