मधली पिढी

म्हाताऱ्यांनी जावे आणि तरुणांनी त्यांस पोहोचवावे, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की, श्राद्धाचा सारा विधीच त्यावर उभा आहे. इ. स. १९१८ च्या मानमोडीने तो उलटा केला. इन्फ्ल्युएन्झाला हे नाव आपल्याकडील लोकांनीच दिले. डॉक्टरी नावाहून ते आम्हांस अधिक बोलके वाटते.

जूनमध्ये ती मुंबईत आली तेव्हा सौम्य होती. सप्टेंबरात उग्र होऊन परतली, आणि ६ ऑक्टोबर या एकाच दिवशी तेथे ७६८ माणसे दगावली. आगगाडीच्या वाटेने ती देशभर पसरली. आमचे छत्रपती संभाजीनगर तेव्हा औरंगाबाद या नावाने निजामाच्या राज्यात होते, आणि मनमाडवरून येणारा लोहमार्ग त्यास मुंबईशी जोडीत होता. त्यातच पाऊस फसलेला, धान्य महागलेले. १९११ साली निजामाच्या राज्यात सुमारे १ कोटी ३४ लक्ष माणसे होती. १९२१ च्या शिरगणतीत ती १ कोटी २५ लक्षच भरली. या तुटीत दुष्काळ व प्लेग यांचाही हात आहे. पण मोठा घास मानमोडीचाच.

एरवी हा ज्वर तान्ही मुले व वृद्ध यांस उचलतो. २०२० साली आलेल्या करोनानेही वृद्धांनाच अधिक गाठले. मानमोडीत मात्र वीस ते चाळीस वयाची माणसे विशेष गेली, आणि हिंदुस्थानात त्यांतही पुरुषांहून स्त्रिया अधिक. शास्त्रज्ञ म्हणतात, वृद्धांनी तशाच जातीचा रोग पूर्वी सोसला असावा, किंवा तरुण देहाचा प्रतिकारच अनावर होऊन त्यांच्या जिवावर उठला असावा. असेलही. परंतु स्त्रिया अधिक का? ज्या घरात सर्वांनीच अंथरूण धरले, तेथे पाणी कोणी भरले, पेज कोणी रांधली, आणि महागाईत उरलेसुरले शेवटी कोणाच्या पानात पडले, एवढे ध्यानात घेतले म्हणजे पुरे. गर्भवतींची गत तर फारच वाईट झाली.

आमच्या वंशावळीत शके १८४० च्या आश्विनापुढे तीन नोंदी आहेत. दोघे सख्खे भाऊ. त्यांची नावे, वये, तिथी सर्व काही आहे. तिसरी नोंद नुसती 'थोरल्याचे कुटुंब' अशी. वय नाही, तिथी नाही. थोरल्याची चार मुले साठी उलटलेल्या आजीने वाढविली. त्यांतील धाकटे ते आमचे आजोबा. त्यांस आईचे नाव विचारले की ते सासरी ठेविलेले नाव सांगत. माहेरचे त्यांस ठाऊक नव्हते.