मैलभर न पुरलेली घोडी

१९२४ साली इंग्लंडमधील न्यूमार्केट येथे वन थाउजंड गिनीज ही तरुण घोड्यांची, म्हणजे केवळ माद्यांची, मानाची शर्यत धावली गेली. अंतर एक मैल. एक राखाडी घोडी आघाडी घेऊन धावत होती; परंतु शेवटच्या टप्प्यात तिचा दम सरला आणि प्लॅक नावाच्या घोडीने तिला मागे टाकले. हरलेल्या घोडीला शाहजहानच्या बेगमेचे नाव होते : मुमताज महल.

तिचा जन्म १९२१ चा, यॉर्कशायरमधील स्लेडमियरचा. पिता द टेट्रार्क १९१३ मध्ये सात शर्यती धावला आणि सातही जिंकला. माता लेडी जोसेफीन हीदेखील वेगवान. १९२२ च्या डोंकास्टर लिलावात ९,१०० गिनी मोजून ती तिसऱ्या आगाखानांसाठी घेण्यात आली. मुंबई-पुण्यात वाढलेले, पुण्याचा आगाखान पॅलेस बांधणारे ते हेच.

दोन वर्षांची असताना ती सहा शर्यती धावली आणि पाच जिंकली. एकमेव पराभव केम्प्टनच्या ओल्या, जड मैदानावर झाला. पुढच्या वर्षी मात्र मैलाच्या अंतराने तिची मर्यादा उघड केली. अंतर पुन्हा कमी होताच तिने गुडवूड व यॉर्क येथील शर्यती जिंकल्या. एकूण धावा दहा, विजय सात.

इथे एक प्रश्न उभा राहिला. मैलभर न पुरणाऱ्या मातेच्या पोटी दीड मैलाची डर्बी जिंकणारा वंश निपजेल काय?

पैदाशीत तिच्या वेगाला दमदार रक्ताची जोड देण्यात आली. १९१८ चा त्रिमुकुट विजेता गेन्सबरो याच्यापासून तिला माह महल झाली; १९३० चा डर्बी विजेता ब्लेनहाइम याच्यापासून मुमताज बेगम. माह महलचा पुत्र महमूद याने १९३६ ची डर्बी जिंकली, आणि तोही आजीसारखाच राखाडी होता.

मुमताज बेगमचा पुत्र नसरुल्ला पुढे अमेरिकेत गेला. त्याचा पुत्र बोल्ड रूलर आणि बोल्ड रूलरचा पुत्र सेक्रेटेरिअट. १९७३ च्या बेलमॉन्ट शर्यतीत या खापरपणतूने दीड मैल २ मिनिटे २४ सेकंदांत कापले आणि ३१ लांबींनी विजय मिळवला.

याचे सारे श्रेय मुमताज महलला देणे इतिहासाला धरून होणार नाही. सेक्रेटेरिअटची आई दमासाठी ख्यातनाम असलेल्या प्रिन्सक्विलोची कन्या होती. प्रत्येक पिढीत कोणीतरी दम पुरवला, तेव्हा तो वेग लांबवर पोहोचला.

अश्वांच्या वंशावळीत पित्याचे नाव वर लिहितात, मातेचे खाली. घराणी ओळखली जातात ती बहुधा वरच्या नावांनी. न्यूमार्केटला मागे पडलेली ती घोडी शोधायची, तर नजर खालच्या ओळींवर न्यावी लागते.