भिंतीच्या अलीकडे

बी.ए.च्या तिसऱ्या वर्षाला परदेशस्थ मराठी लेखकांविषयी शिकवताना आम्ही दोघेही एक वाक्य ठरल्यासारखे उच्चारीत असू: "हे लेखन स्मरणरंजनात अडकलेले आहे." विद्यार्थी ते उतरवून घेत, परीक्षेत लिहीत आणि आम्ही त्याला गुणही देत असू. परदेश म्हणजे काय, हे आमच्यापैकी एकानेही तोवर पाहिलेले नव्हते.

जानेवारी २००४ मध्ये आमच्यातील एकीच्या थोरल्या बहिणीने, ती अमेरिकेची नागरिक झाल्यावर, आमच्यासाठी अर्ज भरला. नागरिकांच्या भावंडांसाठी तिथे व्हिसाचा एक वर्ग आहे. साऱ्या जगाला मिळून वर्षाला ६५,००० ची मर्यादा, त्यामुळे रांग भलतीच लांब. आमचे नुकतेच एम.ए. झाले होते, नेट-सेटची तयारी चालू होती. सह्या करून आम्ही ते प्रकरण विसरून गेलो. आमचा क्रमांक लागला तो २०१८ च्या अखेरीस.

मधली चौदा वर्षे आम्ही तासिका तत्त्वावर मराठी शिकवली. ज्यांनी ही व्यवस्था भोगली आहे त्यांना ती सांगावी लागत नाही. जितके तास तितके पैसे, सुट्टीत काहीच नाही, दर वर्षी नव्याने अर्ज आणि नव्याने मुलाखत, आणि मानधनाचे बिल निघेल तेव्हा निघेल. कायम जागा निघेल या आशेवर तिशी गेली. चाळिशीच्या उंबरठ्यावर पत्र आले तेव्हा आम्ही फार विचार केला असे म्हणणे खोटेपणाचे होईल. २०१९ च्या जानेवारीत, दहा वर्षांच्या मुलीला घेऊन, आम्ही फिलाडेल्फियात उतरलो.

येथे आमच्यातील एक रात्रपाळीला दुकानातील फडताळे भरतो आणि दुसरी एका शाळेत मदतनीस आहे. पदव्यांचे रीतसर मूल्यमापन करून घेतले. त्या येथील एम.ए.शी समकक्ष ठरल्या. तो कागद फाईलमध्ये जपून ठेवलेला आहे. कायम नोकरी नसलेले प्राध्यापक येथेही पुष्कळ आहेत, त्यांना 'अ‍ॅडजंक्ट' म्हणतात. हे कळल्यावर आम्हांला उगाच थोडे बरे वाटले होते. असो.

पहिल्या दोन हिवाळ्यांत आमच्या बोलण्यात एक कॉलेज हळूहळू उभे राहू लागले. ग्रंथालयाबाहेरचा गुलमोहर, तास संपल्यावरही न उठणारे विद्यार्थी, स्टाफरूममधला चहा आणि वाद. फोनवर, जेवताना, बर्फ उपसताना आम्ही तेच बोलत असू. एका रात्री मुलीने सहज विचारले, "पण तुम्हांला तर तिथे पगारच वेळेवर मिळत नव्हता ना? मग आपण आलो कशाला?"

तिच्या प्रश्नात खोच नव्हती. तिला खरेच कळत नव्हते, कारण आम्ही उभे केलेल्या कॉलेजातून कोणालाही निघून यावे लागले नसते. स्मरणरंजन हा वाङ्मयीन दोष आहे असे आम्ही शिकवीत असू. तो नैतिक दोषही आहे, हे त्या रात्री ध्यानात आले. आमची आठवण आमच्याच अपमानावर पांघरूण घालीत होती, आणि तोच अपमान आजही सोसणाऱ्या आमच्या मित्रांवरही.

पुढे एका रविवारी आम्ही आनंदीबाई जोशी यांचे कॉलेज शोधायला निघालो. त्यांची पत्रे आणि चरित्र आम्ही अनेकदा शिकवले होते. पेनसिल्व्हेनियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात त्या १८८३ मध्ये दाखल झाल्या आणि ११ मार्च १८८६ रोजी पदवीधर झाल्या. हे महाविद्यालय तेव्हा गिरार्ड कॉलेजला लागून, नॉर्थ कॉलेज अ‍ॅव्हेन्यूवर होते. १९३० च्या सुमारास ते ईस्ट फॉल्स भागात गेले. ब्रॉड स्ट्रीटच्या गाडीने गिरार्ड स्थानकावर उतरून आम्ही पश्चिमेकडे चालत गेलो. आनंदीबाईंची म्हणावी अशी एकही खूण आम्हांला सापडली नाही. दिसली ती गिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत.

त्या भिंतीविषयी दुकानातल्या एका वयस्क, कृष्णवर्णीय सहकाऱ्याने दुसऱ्या रात्री सांगितले. अनाथ मुलांसाठी काढलेल्या त्या शाळेत मृत्युपत्रानुसार फक्त गोऱ्या मुलांनाच प्रवेश होता. १९६५ मध्ये त्या भिंतीबाहेर शहरातील कृष्णवर्णीयांनी सात महिन्यांहून अधिक काळ रोज निदर्शने केली, मार्टिन ल्यूथर किंगही तिथे येऊन बोलले. पहिली कृष्णवर्णीय मुले आत गेली ती १९६८ मध्ये. त्या गर्दीत त्याचे वडील होते. तीन वर्षे आम्ही त्याच्या शेजारी खोकी फोडीत होतो आणि त्याला आमच्या गुलमोहराविषयी सांगत होतो. त्याला काही विचारावे असे आम्हांला सुचले नव्हते.

घरी येऊन पंडिता रमाबाईंचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' पुन्हा उघडले. आनंदीबाईंच्या पदवीदानासाठी त्या १८८६ मध्ये या शहरात आल्या आणि १८८८ पर्यंत अमेरिकेत राहिल्या. पुस्तक १८८९ चे आहे. आम्ही ते 'प्रवासवर्णनाचा आरंभकाळ' या शीर्षकाखाली दोन तासांत उरकत असू. आता वाचताना जाणवले की बाईंची नजर सतत बाहेर आहे. येथील राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था आणि वर्णभेदही त्या पाहतात. दुःखे त्यांच्याजवळ आमच्याहून कितीतरी अधिक होती, पण ती देश पाहण्याच्या आड त्यांनी येऊ दिली नाहीत.

आम्हांला खरी उणीव भासते ती गावाची नाही, ऐकणाऱ्यांची. मराठीत एखादी गोष्ट सुचावी आणि ती पन्नास जणांपुढे लगेच बोलता यावी, हे सुख पुन्हा मिळणार नाही, हे आम्ही मान्य केले आहे. त्याऐवजी एक वही केली आहे. तीत या शहराविषयी मराठीत टिपणे करतो. येथे पाण्याला 'वुडर' म्हणतात. 'जॉन' हा शब्द कोणत्याही वस्तूसाठी चालतो, आपण "ते हे दे" म्हणतो त्यातल्या 'हे'सारखा. पहिल्या पानावर मात्र त्या भिंतीची हकिगत आहे, सहकाऱ्याला पुन्हा विचारून, तपासून लिहिलेली.

आमच्या जुन्या विद्यार्थ्यांपैकी कोणी हे वाचत असेल, तर ते उतरवून दिलेले वाक्य त्याने खोडू नये. त्याच्यापुढे एवढेच जोडावे की ते सांगणाऱ्यांना तेव्हा त्याचा अर्थ पुरता कळलेला नव्हता.