वर्गणीची पावती

पुण्यातली एम.ए. मानसशास्त्राची विद्यार्थिनी रात्री डायरीत हिशेब मांडते: मेस, झेरॉक्स आणि व्यावसायिक संघटनेची विद्यार्थी-वर्गणी. शेवटचा आकडा तिला जरा जड वाटतो.

मग तिला मानसशास्त्रज्ञ मेरी कॅल्किन्स आठवते. केवळ बाई म्हणून हार्वर्डने तिला डॉक्टरेट नाकारली. १८९२ साली स्थापन झालेल्या अमेरिकन मानसशास्त्रीय संघटनेने मात्र १९०५ मध्ये तिलाच अध्यक्षपदी बसवलं.

हिला अध्यक्षपद नकोय! अधिवेशनाच्या शुल्कात सवलत, पोस्टरपुढे थांबून खोचक प्रश्न विचारणारे ज्येष्ठ, इंटर्नशिपची एखादी खबर, एवढं मिळालं तरी पुष्कळ.

सदस्यत्व म्हणजे परवाना नव्हे, हेही ती लिहून ठेवते. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे होते.

दुसऱ्या दिवशी तिने वर्गणी भरली आणि पावती डायरीत चिकटवली.